पिवळ्या गाडीला मागणी

मागणी आणि पुरवठा यांच्या शांत, निःपक्षपाती झटापटीतून वस्तूची किंमत ठरते, आणि त्या किमतीपुढे राव आणि रंक सारखेच, हे माणसाने स्वतःच्या व्यवहारांबद्दल शोधून काढलेलं कदाचित सर्वांत उदात्त सत्य आहे. मी ते कॉलेजात बरीच वर्षं शिकवतो आहे. माझ्या मेहुण्याच्या रस्त्यावर मात्र किंमत सकाळी, शटर पूर्ण वर जायच्या आत, शेजाऱ्याच्या काचेतून डोकावून ठरते.

हा रस्ता म्हणजे शहराबाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचा एक तुकडा. एका टोकाला टायरवाला, दुसऱ्या टोकाला फर्निचरचं गोदाम आणि मधे वापरलेल्या स्पोर्ट्स गाड्यांची तीन दुकानं. पहिलं माझ्या मेहुण्याचं. दुसरं कॅप्टनचं. हा गृहस्थ सैन्यात, जहाजावर किंवा विमानात कधीच नव्हता, पण बारा महिने पांढरी टोपी घालतो, आणि टोपीला शोभेल असा हुद्दा लोकांनीच त्याला देऊन टाकला. तिसरं दुकान मौनीचं. मौनी गिऱ्हाइकाशी 'घ्या, नाहीतर राहू द्या' एवढंच बोलतो, आणि बहुतेक गिऱ्हाइकं राहू देतात.

या तिघांचा एक अलिखित नियम आहे: पाटी खाली आणायची नाही. पाटी म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवर कोपऱ्यात लावलेली किमतीची पाटी. ती जो पहिल्यांदा खाली आणेल त्याच्या डोक्यावर बाजार कोसळणार, अशी तिघांची पक्की श्रद्धा आहे. म्हणून रोज सकाळी प्रत्येक जण हातात चहाचा कप घेऊन फुटपाथवरून फेरी मारतो, आकाश बघायला निघाल्यासारखा चेहरा करून बाकी दोघांच्या पाट्या वाचतो, आणि त्या जिथल्या तिथे आहेत असं पाहून परत येतो. मग आपलीही जिथल्या तिथे ठेवतो. कधी कधी तिघं एकाच वेळी निघतात. तेव्हा ते एकमेकांना हवापाण्याबद्दल विचारतात.

वापरलेल्या स्पोर्ट्स गाड्यांच्या किमती पडणार की टिकणार, या विषयावर जाणकारांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या, आता पेट्रोलची ही डबडी भंगारात जाणार. दुसरा म्हणतो, विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या, आता पेट्रोलच्या या रत्नांना सोन्याचा भाव येणार. मेहुण्याने दोन्ही बाजूंचे लेख कापून ठेवले होते. त्यातला एक त्याने फ्रेम करून केबिनमध्ये लावला. कोणता ते सांगायला नको.

मला हे सगळं इतक्या जवळून बघायला मिळालं ते पिवळ्या गाडीमुळे. दुकान मूळ माझ्या सासऱ्यांचं. जाताना त्यांनी वाटणी सोपी केली: दुकान मुलाला, आणि काचेत उभी असलेली पिवळी दोन सीटची गाडी मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला. मुलाने ती 'योग्य भावाला' विकून पैसे बहिणीला द्यायचे. सासरे हिशेबात पक्के होते, पण 'योग्य' हा शब्द त्यांनी मोकळा सोडला, आणि पिवळी दोन वर्षं त्या शब्दावरच उभी होती. या काळात ती जितक्या वेळा धुतली गेली तितक्या वेळा आमच्या घरच्या चादरीही धुतल्या गेल्या नसतील.

चादरींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझी बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते; म्हणजे तेव्हा करत होती. आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर एक लाँड्री आहे: चार मशिनं, एक लांबलचक इस्त्रीचं टेबल आणि दार उघडलं की चष्म्यावर येणारी वाफ. लाँड्रीवाले आजोबा लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते आणि बायकोला ती लाँड्री हवी होती. मी तिला विचारलं, त्यात तुला काय दिसलं? ती म्हणाली, "लॅबमध्ये लोक रक्त देऊन जातात आणि काळजी घेऊन जातात. तिथे लोक घाण देऊन जातात आणि स्वच्छ घेऊन जातात." यावर अर्थशास्त्रात उत्तर नाही.

आजोबांनी तिला महिनाअखेरपर्यंतचा शब्द दिला होता. त्यानंतर जागा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला जाणार होती. त्या माणसाने टेपने दर्शनी भाग मोजूनही नेला होता, आणि मोजताना इस्त्रीच्या टेबलाकडे अशा नजरेने पाहिलं होतं की बायकोला दोन दिवस जेवण गेलं नाही. थोडक्यात, पिवळी महिनाअखेरच्या आत विकली जायला हवी होती.

आणि गिऱ्हाईक आलं. महिन्याच्या सुरुवातीलाच, बायको आणि मी दुकानात असताना, दातांची एक डॉक्टर आली. चाळिशीची, आखूड केसांची, घाईत नसलेली. ती पिवळीत बसली, सीट पुढे-मागे करून पाहिली, टायरवरची तारीख वाचली, इंजिनाचा पट्टा कधी बदललाय ते विचारलं. मेहुणा म्हणाला, "गाडी अगदी आईच्या मायेने सांभाळलीय." डॉक्टरने तेच पुन्हा विचारलं. मेहुणा म्हणाला, "कागद शोधून सांगतो." मग तिने आपली बॅग सीटच्या मागच्या खोबणीत बसते का ते ठेवून पाहिलं. बसली. खरं गिऱ्हाईक ओळखायची ही खूण मला त्या महिन्यात पुढे फार उपयोगी पडली: खरं गिऱ्हाईक पिशवी ठेवून बघतं.

दाढ काढण्याआधी बोलतात तशा शांत आवाजात तिने एक किंमत सांगितली. पाटीपेक्षा कमी, पण अपमान वाटावा इतकी नाही. मेहुणा म्हणाला, एवढ्यात फार तर आरसे देता येतील. ती हसली, कार्ड ठेवलं आणि गेली.

"घ्यायचं की," बायको म्हणाली.

"ताई, तुला बाजार कळत नाही. किमती चढतायत. पंधरा दिवसांत पिवळीसाठी किती फोन आलेत माहितीय? दोन पार्ट्या तर स्वतः येऊन बघून गेल्या. एक जण तर दोनदा."

"मग घेतली का नाही?"

"विचार करतायत. मोठी माणसं विचार करतात."

मग त्याने शास्त्राचा आधार घ्यायचं ठरवलं. "भावजी, तुम्हीच सांगा. किमती पडणार की टिकणार?"

मी थोडा वेळ घेतला आणि म्हणालो की दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत. मेहुण्याने विजयाने बहिणीकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. हे बघणं घरी जाईपर्यंत टिकलं.

पुढच्या आठवड्यात मला धंद्यातली एक गोष्ट कळली, जी कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. सकाळच्या फेरीत पाटी वाचता येते, पण पाटीमागचा माणूस आतून किती नरमलाय ते कळत नाही. ते कळायला गिऱ्हाईक होऊन फोन करावा लागतो. मेहुण्याने मला केबिनमध्ये बसवून प्रात्यक्षिक दाखवलं. तो निवृत्त न्यायाधीश व्हायचा. त्यासाठी हनुवटी छातीला टेकवायची आणि प्रत्येक वाक्यानंतर निकाल राखून ठेवल्यासारखं थांबायचं. पलीकडचा 'या, बसू, बघू' म्हणाला तर तो नरमला. 'पाटीवर आहे तीच' म्हणाला तर बाजार घट्ट.

न्यायाधीशांनी माझ्यासमोर कॅप्टनला फोन लावला आणि त्याच्या निळ्या गाडीची चौकशी केली. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण मेहुण्याच्या चेहऱ्याचा रंग उतरताना दिसला. फोन ठेवून तो म्हणाला, "पाटीवर आहे तीच. वर म्हणतो, लवकर येऊन बघा साहेब, दुसरी एक पार्टी हात धुऊन मागे लागलीय."

निळी त्या किमतीला गेली तर पिवळी त्याहून वर जायला हवी, हे त्याचं गणित. पण ती दुसरी पार्टी खरी आहे की कॅप्टनची थाप, हे बघायला कोणीतरी जायला हवं होतं. कॅप्टन मेहुण्याला ओळखतो, मला ओळखत नाही. अशा रीतीने न्यायाधीशपद माझ्याकडे आलं. मी का-कू केली, तेव्हा मेहुण्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं: "ताईसाठीच करतोय ना हे सगळं?" बायकोच्या भावाने बायकोसाठी मागितलेली गोष्ट नाकारणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "जा. पण घेऊन येऊ नका."

मला सासऱ्यांचा कोट चढवण्यात आला, काळा चष्मा देण्यात आला, आणि बोटांची टोकं उघडी राहतील असे चामड्याचे हातमोजे. हे हातमोजे थंडीत निरुपयोगी आणि उन्हात त्रासदायक असतात, म्हणजे श्रीमंतीचे असतात. सूचना दोनच होत्या: किंमत ऐकून दचकायचं नाही आणि शेवटी 'विचार करतो' म्हणायचं.

कॅप्टनने माझं स्वागत टोपी काढून केलं. ती दुसरी पार्टी खरंच तिथे होती. निळ्या गाडीभोवती एक जाडजूड गृहस्थ प्रदक्षिणा घालत होते. गळ्यात रेशमी रुमाल आणि हातात माझ्यासारखेच हातमोजे. त्यांनी स्वतःची ओळख उद्योगपती अशी करून दिली. मी विचारलं, कसला उद्योग? ते म्हणाले, "सगळाच."

दोन तालेवार गिऱ्हाइकं एकाच गाडीभोवती बघून कॅप्टनला गहिवरून आलं. त्याने आम्हाला एकत्रच चक्कर मारून यायला सांगितलं. दोन सीटच्या गाडीत दोन गिऱ्हाइकं बसली की दुकानदाराला जागा उरत नाही, पण त्याला तेच हवं होतं; आत बसल्या बसल्या आम्ही एकमेकांवर कुरघोडी करू आणि परत येईपर्यंत किंमत आपोआप वर जाईल, असा त्याचा होरा होता.

स्पोर्ट्स गाडीत माणूस बसत नाही, पडतो. उद्योगपती स्टीअरिंगच्या बाजूला पडले, मी दुसऱ्या. गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, मग आम्ही रस्त्यावर आलो. उद्योगपती पहिल्या गियरमध्येच चालवत होते. मी म्हणालो, इंजिनाचा आवाज काय सुंदर आहे. ते म्हणाले, ही आवाजाचीच गाडी. आम्हाला एका सायकलवाल्याने ओव्हरटेक केलं. मोठ्या चौकात पोचलो तेव्हा निळीने एक खोल सुस्कारा सोडला आणि बंद पडली.

मागून हॉर्न सुरू झाले. आम्ही दोघं बाहेर पडलो, म्हणजे आधी मी पडलो आणि मग मी त्यांना ओढून काढलं. रोपं विकणाऱ्या एका नर्सरीच्या कुंपणाला गाडी ढकलत नेऊन लावली. आता इंजिन बघणं आलं. उद्योगपतींनी बरीच खटपट करून पुढचं झाकण उघडलं. आम्ही दोघं जाणकारासारखे वाकलो.

आत इंजिन नव्हतं. एक गालिचा अंथरलेला रिकामा खड्डा होता.

मी म्हणालो, "चोरीला गेलं की काय?"

ते म्हणाले, "पण आपण तर चालवत आलो."

काही वेळ आम्ही त्या खड्ड्याकडे बघत उभे राहिलो. मग एक बाई नर्सरीतून झेंडूचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि जाता जाता म्हणाली की त्या गाडीचं इंजिन मागे असतं. उद्योगपतींनी हळूच झाकण लावलं, गळ्यातला रुमाल सोडून कपाळ पुसलं आणि कुंपणाच्या कठड्यावर बसले.

"तुम्ही न्यायाधीश नाही," ते म्हणाले.

"तुम्ही उद्योगपती नाही."

"पोस्टातून निवृत्त झालोय. मला गाडी घ्यायची नाही हो. मला चालवताही येत नाही धड. मुलीच्या सासऱ्यांनी पाठवलंय."

मुलीचे सासरे म्हणजे मौनी. "व्याह्यांचं काम," ते म्हणाले, "नाही कसं म्हणणार? मुलगी त्या घरात दिलीय." मौनीला कॅप्टनचा अंदाज घ्यायचा होता, म्हणून व्याही निळी बघायला आले होते. ही त्यांची पहिली वेळ नव्हती. या वसंतात त्यांनी रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना लाथ मारून टायर तपासले होते.

मी कुणाचा भावजी ते सांगितलं आणि जरा भीत भीतच पिवळीबद्दल विचारलं.

"पिवळी? ती मी दोनदा बघितली. दुसऱ्या वेळी मिशी काढून गेलो. तर तुमच्या मेहुण्याने पहिल्यापेक्षा जास्त किंमत सांगितली."

"आणि आणखी एक पार्टी आली होती म्हणे."

"तो कॅप्टनचा साडू. भला माणूस आहे. बेकरीत मॅनेजर. एकदा आम्ही दोघं एकाच वेळी तुमच्या मेहुण्याकडे होतो. एकमेकांकडे अगदी जळजळीत नजरेने बघितलं. नंतर बाहेर येऊन कॉफी प्यायलो."

"मग फोन? फोन तरी खरे असतील."

"फोन व्याही स्वतः करतात. गिऱ्हाईक म्हणून बोलायला लागले की तासभर थांबत नाहीत. विहीणबाई दाराआडून ऐकतात. म्हणतात, लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्याशी एवढं कधी बोलले नाहीत."

मी कठड्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा बाजाराची पूर्ण मोजदाद केली. पुरवठा: तीन दुकानं. मागणी: एक भावजी, एक साडू आणि एक व्याही. यांतल्या एकालाही गाडी नको होती, एकाला चालवता येत नव्हती, आणि असल्याच मागणीने किमती एवढ्या वर नेल्या होत्या की खरं गिऱ्हाईक कार्ड ठेवून निघून गेलं होतं.

इंजिन, जिथे कुठे होतं तिथे, थंड झालं आणि गाडी आपणहून सुरू झाली. आम्ही ती परत नेऊन दिली. कॅप्टनने अधीरपणे विचारलं, काय ठरलं? सवयीचा परिणाम म्हणा, आम्ही दोघंही एकाच सुरात म्हणालो, "विचार करतो." मी फाटकाबाहेर पडेपर्यंत कॅप्टन निळीची पाटी काढून नवी लिहायला बसला होता.

मी मुद्दाम वळसा घालून, चष्मा आणि हातमोजे खिशात कोंबून मेहुण्याच्या दुकानात पोचलो. बायको लॅबमधून परस्पर तिथे आली होती. मी तोंड उघडणार तोच मेहुणा आनंदाने म्हणाला, "बघितलंत? कॅप्टनने चढवली. म्हणजे ती पार्टी खरी." पिवळीवर नवी पाटी लागलेलीही होती.

मी सगळं सांगितलं. भावजी, साडू, व्याही, काढलेली मिशी, दाराआडची विहीण. मेहुणा खुर्चीत बसला. बराच वेळ तो फ्रेममधल्या लेखाकडे बघत होता. बायको त्याला पाणी द्यायला उठली, एवढ्यात त्याचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे त्यांच्याकडेही गिऱ्हाईक नाही," तो म्हणाला.

"कुणाकडेच नाही," मी म्हणालो.

"पण त्यांना वाटतंय आपल्याकडे आहे. मग ते पाटी कशाला खाली आणतील? ते आणणार नाहीत, म्हणून मी आणणार नाही. म्हणजे भावजी, किमती टिकणार."

मी या युक्तिवादात दोष शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. मला सापडला नाही. खरं सांगायचं तर अजून सापडलेला नाही.

"मग मी लाँड्री कुणाच्या पैशाने घेऊ?" बायको म्हणाली. "व्याह्यांच्या?"

"ताई, थोडी कळ काढ. आता हातचं घालवलंस तर..."

"हातात काय आहे रे? दोन वर्षांत हातात फडकं सोडून काही आलं नाही."

तिने पर्समधून डॉक्टरचं कार्ड काढलं आणि दुकानाच्याच फोनवरून नंबर फिरवला. डॉक्टर 'ओळखलं' म्हणाली, पण आवाज गार होता. ती नुकतीच तिथून गेली होती आणि तिने नवी पाटी वाचली होती. तोंड उघडून बसलेल्या माणसाला वाढीव बिल दाखवायची पद्धत तिच्या धंद्यात नाही, असं ती म्हणाली, आणि तिने दुसऱ्या गावात एक गाडी बघून ठेवली होती. रविवारी ती आणायला जाणार होती.

माझ्या डोळ्यांसमोर इस्त्रीच्या लांब टेबलावर मोबाईलची कव्हरं मांडलेली आली.

"डॉक्टर, ती गाडी माझी आहे," बायको म्हणाली. "दुकान भावाचं. मला त्या पैशात एक लाँड्री घ्यायची आहे आणि तुम्ही सांगितलेल्या किमतीत ती येते. पाटीकडे बघू नका. ती तुमच्यासाठी नाही, शेजाऱ्यांसाठी आहे."

मग डॉक्टरने एकच विचारलं: इंजिनाचा पट्टा बदललाय का? बायकोने फोन हाताने झाकून भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, कागद शोधावे लागतील. बायको त्याच्याकडे नुसती बघत राहिली. हे बघणं मला परिचयाचं आहे. त्यापुढे माणूस फार टिकत नाही.

"नाही बदललेला," मेहुणा म्हणाला.

"नाही बदललेला," बायकोने फोनवर सांगितलं, "त्याचे तुम्ही कापून घ्या."

डॉक्टर म्हणाली, उद्या दुपारी येते.

मेहुण्याने तरी शेवटचा प्रयत्न केला. बाबांनी योग्य भाव म्हटलं होतं, असं तो म्हणाला. मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. सासऱ्यांनी ती गाडी काचेत उभी केली तेव्हा तो शेजारी उभा होता, आणि ती तिथून गेल्यावर काच रिकामी दिसणार होती.

बायको त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जो देणारा समोर उभा आहे, त्याचा भाव योग्य. बाकी सगळी हवा."

मेहुण्याने मान तुकवली, पण एक अट घातली. विकल्याची किंमत रस्त्यावर कळता कामा नये. कागद केबिनमध्ये होतील, पैसे केबिनमध्ये येतील आणि गाडी बाहेर पडेल ती काचेवर पाटी तशीच ठेवून. निदान टायरवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत. नाहीतर या रस्त्यावर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. बायको म्हणाली, डॉक्टरला चालत असेल तर मला काय.

डॉक्टरला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी सह्या झाल्या, पैसे बायकोच्या खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, आणि तिने तो पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी तेवढ्याच संशयाने, वाचला. मग पिवळी दोन वर्षांनी स्वतःच्या चाकांवर उन्हात आली. मेहुण्याने शेवटचं एकदा फडकं फिरवलं. डॉक्टरने गाडी दुसऱ्या गियरमध्ये सहज टाकली आणि ती कॅप्टनच्या आणि मौनीच्या दारासमोरून, काचेवर ती भली थोरली चढलेली किंमत मिरवत, दिमाखात निघून गेली.

कॅप्टन फुटपाथवर येऊन टोपी हातात धरून बघत राहिला. मौनी दारात आला. तो म्हणे चक्क एक पूर्ण वाक्य बोलला, पण ते कुणी नीट ऐकलं नाही.

बायको तिथूनच लाँड्रीवाल्या आजोबांकडे गेली. आजोबांनी किल्ली देताना तिला दोनच गोष्टी सांगितल्या: तिसरं मशीन दार लावताना खालून ढकलावं लागतं, आणि पांढऱ्या कपड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. कव्हरवाला माणूस संध्याकाळी टेप घेऊन पुन्हा आला, तर ती काउंटरमागे उभी होती. त्याने निरुपायाने एक जॅकेट धुवायला दिलं. मी त्या दिवसापासून संध्याकाळी तिथे चादरींच्या घड्या घालायला जातो. चादरीची एक बाजू धरायला माणूस लागतो, आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक त्याला पुरेसा असतो.

रस्त्यावर काय झालं ते मला मेहुण्याकडून कळलं. कॅप्टन आणि मौनी यांनी पिवळी ज्या पाटीला गेली ती आपल्या डोळ्यांनी बघितली होती. बाजार तापला याला याहून मोठा पुरावा कोणता? दोघांनी त्याच संध्याकाळी आपापल्या सगळ्या पाट्या वर नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा चहाचा कप घेऊन फेरीला निघाला, त्याने त्या वाचल्या, आणि त्याच्या काळजात कळ आली. आपण पिवळी फुंकून टाकली, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने उरलेल्या गाड्यांच्या पाट्या वर नेल्या आणि मला फोन करून म्हणाला, "भावजी, ताईला वाईट वाटेल, सांगू नका. पण मी म्हणत होतो ना."

मी सांगितलं नाही. तज्ज्ञांचे दोन पक्ष अजून भांडतात, पण त्या रस्त्यावर वाद मिटला आहे. किमती टिकून आहेत, उलट चढल्या आहेत. त्या संपूर्ण वर्षात तिन्ही दुकानं मिळून एकच गाडी विकली गेली, ती पिवळी.